पडद्यावरची बाटली आणि वर्गातले गणित

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात एका शाळेच्या गॅदरिंगला जाण्याचा योग आला. मी मूळचा याच भागातला. नोकरी प्रयोगशाळेतली, म्हणून राहणे बाहेर. पण गावी आलो की कोणत्या ना कोणत्या शाळेत विज्ञानावर चार शब्द बोलण्यासाठी बोलावणे येतेच. त्या दिवशी माझे भाषण झाले, टाळ्या बेताच्याच पडल्या, आणि मग ज्याची सगळे वाट पाहत होते तो नकलांचा कार्यक्रम सुरू झाला.

आठवीतला एक मुलगा हातात रिकामी बाटली घेऊन एकावर एक रचलेल्या बाकांवर चढला आणि त्याने 'शोले'मधला पाण्याच्या टाकीवरचा वीरू उभा केला. जड झालेली जीभ, अर्धवट मिटलेले डोळे, पडता पडता सावरणारा तोल, सारे हुबेहूब. मंडप हसून लोटपोट झाला. पहिल्या रांगेत बसलेले मुख्याध्यापक हसले, केंद्रप्रमुख हसले, मीही हसलो. "पोट्ट्यानं काय नक्कल केली, नाही सर?" असे मुख्याध्यापक माझ्याकडे वळून म्हणाले आणि पहिले बक्षीस माझ्याच हस्ते त्या मुलाला दिले गेले. 'शोले' १९७५ सालचा. त्या मुलाचा बापही तेव्हा जन्मला नसेल.

चहाच्या वेळी सातवीच्या वर्गशिक्षिका बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गातली एक मुलगी उठून वर्गात जाऊन बसली होती. तिच्या घरी हे रोजच असते. तिला त्यात हसण्यासारखे काय वाटणार?"

चित्रपट दारूविषयी मुलांना नेमके काय शिकवतो, हा प्रश्न मला त्या चहाच्या कपाबरोबर पडला. सिनेमाने पोरे बिघडतात, ही तक्रार सिनेमाइतकीच जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत सामील होण्याची माझी इच्छा नाही. मी स्वतः हिंदी सिनेमा आवडीने पाहत आलो आहे. माझा आक्षेप जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आहे. पडद्यावर दारू दाखवतात, यापेक्षा ती चुकीची दाखवतात, हे मला जास्त खटकते.

आधी थोडा इतिहास पाहू. सत्तरच्या दशकापर्यंतच्या चित्रपटांत दारू पिणाऱ्यांचे तीन ठरलेले वर्ग होते. पहिला खलनायक. त्याच्या दिवाणखान्यात व्हॅट ६९ ची बाटली असायचीच, आणि ती दिसली की पुढे काय होणार हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळायचे. दुसरा विनोदवीर. यात जॉनी वॉकर आणि केश्टो मुखर्जी ही दोन नावे लगेच आठवतात. पैकी जॉनी वॉकर स्वतः दारूला शिवत नसत असे सांगितले जाते, पण त्यांचे पडद्यावरचे नाव मात्र व्हिस्कीच्या छापाचे. पुढे दारूच्या जाहिरातींवर बंदी आल्यावर कंपन्यांनी सोडा आणि गाण्यांच्या तबकड्या विकण्याच्या निमित्ताने आपली नावे मिरवली, पण इतकी नामी आणि फुकटची प्रसिद्धी त्यांना पुन्हा मिळाली नसेल. तिसरा वर्ग प्रेमभंग झालेल्या नायकाचा. शरच्चंद्रांची 'देवदास' कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. हिंदी पडद्यावर तो देवदास १९३६ साली सैगल यांनी, १९५५ साली दिलीपकुमार यांनी आणि २००२ साली शाहरुख खान यांनी रंगवला. तीन पिढ्यांना त्याने एकच गोष्ट शिकवली: खरे दुःख असणारा माणूस पितो, आणि जो पीत नाही त्याचे दुःख बेताचेच असावे.

१९८४ च्या 'शराबी'त आणखी एक पायरी गाठली गेली. तिथला नायक आईबापाच्या मायेला पारखा, म्हणून पिणारा. पण सोन्यासारख्या मनाचा. शुद्धीवर असलेली माणसे लबाड आणि प्यालेला तेवढा खरे बोलणारा, हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले. त्यानंतरच्या काळात तर दुःखाचीही गरज उरली नाही. आता नायक आनंद झाला म्हणून पितो, मित्र भेटले म्हणून पितो, शुक्रवार आहे म्हणून पितो. बाटली खलनायकाच्या कपाटातून निघून नायकाच्या हातात आली आणि तिथून लग्नाच्या वरातीत. वोडकाच्या बाटल्या मोजणारे २०१४ सालचे एक गाणे आपल्याकडच्या वरातींत अजून वाजते आणि त्यावर आठ-दहा वर्षांची मुलेही नाचतात.

वरातीत नाचणाऱ्या मुलांना बाटल्या मोजता येतातच, तेव्हा आपणही जरा मोजू. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल असे हे गणित आहे.

बाजारातल्या व्हिस्की, रम, वोडका यांत आपल्याकडे आकारमानाने साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. बाटली ७५० मिलिलिटरची. म्हणजे तीत ३२१ मिलिलिटर मद्यार्क. त्याची घनता ०.७९ धरली तर वजन सुमारे २५३ ग्रॅम. हा मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो. पुरुषाच्या वजनाच्या साधारण ६८ टक्के भागात तो सामावतो, असे स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांचे सूत्र सांगते. नायकाचे वजन ६५ किलो धरले, तर २५३ ग्रॅम मद्यार्क ४४ किलोंत वाटला जाईल आणि दर १०० मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण येईल सुमारे ५७० मिलिग्रॅम.

आता या आकड्याशेजारी दुसरे आकडे मांडू. मोटार वाहन कायद्याने वाहन चालवताना घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. १०० च्या आसपास तोल आणि बोलणे बिघडते. ३०० च्या पुढे माणूस बेशुद्ध पडू लागतो. ४०० च्या वर श्वास चालवणारे मेंदूतले केंद्रच मंदावते आणि मृत्यू ओढवू शकतो. एका दमात अख्खी बाटली रिकामी करून ती भिंतीवर फोडणारा आणि मग दहा गुंडांना लोळवणारा नायक आपण कितीदा पाहिला आहे? प्रत्यक्षात त्या गुंडांना काही करावेच लागले नसते. त्यांनी फक्त अर्धा तास थांबायचे होते. आणि त्या गाण्यातल्या चार बाटल्यांचा हिशेब केला, तर रक्तातले प्रमाण २,२०० च्या पुढे जाते. असे रक्त सौम्य बिअरच्या निम्म्याहून अधिक कडक झालेले असते! (पोट इतके स्वीकारणारच नाही, उलटी होईल. ती उलटी बेशुद्धावस्थेत श्वासनलिकेत जाणे हे अशा मृत्यूंचे एक नेहमीचे कारण आहे. गाण्यात ते नाही.)

दुसरी थाप उतरवण्याची. नायकाच्या डोक्यावर थंड पाण्याची बादली ओततात, कोणी लिंबू पिळून पाजते, नायिका एक थप्पड लगावते, आणि पुढच्याच दृश्यात तो शुद्धीवर येऊन न्यायालयात किंवा विमानतळावर हजर. यकृतातली विकरे मद्यार्काचे विघटन ठरावीक गतीने करतात. तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे रक्तातले प्रमाण तासागणिक तेवढेच कमी होते. अट्टल पिणाऱ्यांत ही गती काहीशी वाढते, पण लिंबाने, कॉफीने किंवा थपडेने ती तिळभरही वाढत नाही. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. वरच्याच सूत्राने ६५ किलोंच्या माणसात प्रमाण येते १३८ मिलिग्रॅम; ते शून्यावर यायला नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तीच क्वार्टर आठवी-नववीतल्या ४५ किलोंच्या मुलाने घेतली, तर आकडा २०० ला जाऊन टेकतो. हा शेवटचा हिशेब मी वर्गात मुद्दाम करतो, कारण मित्रांच्या पैजेत मुलांच्या हाती येते ती क्वार्टरच.

तिसरी समजूत जुनी आहे आणि तिला मराठी चित्रपटाचा फार गोड दाखला आहे. आचार्य अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' काढला. औषध म्हणून ब्रँडी हवी, आणि ती शोधायला निघालेला दामुअण्णा मालवणकरांचा भोळा कारकून, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. मुंबईत दारूबंदी आली तीही १९३९ च्या ऑगस्टमध्येच. माझ्या मते दारूवर हसवणाऱ्या चित्रपटांत हा सर्वांत निर्मळ, कारण त्यात हसू येते ते झिंगलेल्या माणसाचे नाही, बिचकलेल्या माणसाचे. पण ब्रँडी हे औषध आहे, या समजुतीला त्याने धक्का लावला नाही, आणि थंडीत पोराला चमचाभर ब्रँडी पाजणारी घरे आजही आहेत. मद्यार्काने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते, आणि त्याच मार्गाने शरीराची आतली उष्णता बाहेर जाते. वाटते ऊब आणि प्रत्यक्षात शरीर थंड होत असते.

ही झाली चित्रपटातल्या विज्ञानाची तपासणी. पण पडद्यावर पाहिलेले मुलांच्या वागण्यात उतरते का? इथे विज्ञानाचा माणूस म्हणून मला जपून लिहिले पाहिजे.

दिल्लीतल्या 'हृदय' या संस्थेने ५९ लोकप्रिय हिंदी चित्रपटांतली मद्यपानाची दृश्ये मोजली आणि १२ ते १६ वर्षांच्या सुमारे चार हजार शाळकरी मुलांना त्यांतले कोणते पाहिले ते विचारले. ज्यांच्या नजरेसमोरून अशी दृश्ये सर्वांत जास्त गेली होती, त्यांच्यात दारू चाखून पाहिल्याचे प्रमाण सर्वांत कमी पाहणाऱ्यांपेक्षा पावणेतीन पटींहून अधिक होते. हे निष्कर्ष २०१२ साली दुबईच्या जागतिक हृदयरोग परिषदेत मांडले गेले. त्याच वर्षी युरोपातल्या सहा देशांत सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, दिशा तीच.

चांगला विद्यार्थी इथे हात वर करील. जास्त सिनेमे पाहणारी मुले कोणती? ज्यांच्याकडे घरी कोणाचे लक्ष नसते ती. मग दारू सिनेमामुळे की दुर्लक्षामुळे? शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत मिळते. ज्यांनी अजून दारू घेतलेली नाही, किंवा किती घेतात याची नोंद आहे, अशा मुलांना गाठायचे, त्यांनी काय पाहिले ते टिपायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा विचारायचे. अशा १३ अभ्यासांचा एकत्र आढावा २००९ साली घेतला गेला. एकूण मुले ३८ हजारांहून अधिक होती. त्यांत दारूच्या जाहिरातींचे अभ्यासही होते आणि माध्यमांतल्या दृश्यांचेही. १३ पैकी १२ अभ्यासांत आधी पाहणे आणि नंतर पिणे यांचा संबंध दिसला.

दुसरे उत्तर प्रयोगाचे. नेदरलंड्समधल्या नाइमेखन विद्यापीठात २००९ साली ८० तरुणांना दिवाणखान्यासारख्या खोलीत जोडीजोडीने बसवून तासभर चित्रपट दाखवला. काहींना भरपूर मद्यपान असलेला, काहींना कमी असलेला. मध्ये जाहिराती, काहींना दारूच्या, काहींना दुसऱ्या कशाच्या. शीतकपाटात बिअरही होती आणि साधी पेयेही. ज्यांच्या चित्रपटात आणि जाहिरातींत दोन्हीकडे दारू होती, ते दुसऱ्या टोकाच्या गटापेक्षा सरासरी दीड पेला जास्त प्याले. हा प्रयोग खूप गाजला. पण पुढे असे बरेच प्रयोग झाले आणि २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ते एकत्र तपासले, तेव्हा लगेचच्या पिण्यावर जाहिरातींचा थोडासा परिणाम दिसला. चित्रपटांतल्या दृश्यांचा मात्र दिसला नाही. गाजलेल्या प्रयोगाबरोबर हेही सांगितले पाहिजे. सिनेमावर टीका करणारे बहुधा ते सांगत नाहीत.

हे दोन्ही मिळून काय दिसते? सिनेमा पाहून मुलगा त्याच संध्याकाळी दुकानाकडे वळतो, असे नाही. सिनेमा त्याला शिकवतो ते हळूहळू आणि वेगळेच: दारू कशासाठी असते, ती कोण पितो, कोणत्या प्रसंगी पितात आणि पिऊन झाल्यावर काय होते. हा धडा वर्षानुवर्षे मुरतो आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिला प्याला पुढे आला, की उपयोगात येतो. त्या वयात मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे धोका तोलणारा आणि आवर घालणारा भाग, अजून घडत असतो. ती घडण पंचविशीच्या आसपास पुरी होते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी कायद्याने वयाची अटही २५ वर्षांचीच आहे. हा योगायोग असेल, पण शहाणा योगायोग आहे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ होते. (इथेही कारण आणि संबंध यांतला फरक विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा.)

'पण शेवटी नायकाचे वाटोळे होते, मग संदेश चांगलाच नाही का?' असे मला अनेक शिक्षकांनी विचारले आहे. या प्रश्नावर अल्बर्ट बँड्युरा यांचा १९६५ सालचा प्रयोग आठवतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी एक फीत दाखवली. तीत एक मोठा माणूस रबरी बाहुल्याला झोडपतो. काही मुलांच्या फितीत त्या माणसाला खाऊ मिळाला, काहींच्या फितीत तो रागावणी आणि मार खातो, काहींच्या फितीत पुढे काहीच नाही. ज्यांनी शिक्षा पाहिली त्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर शिक्षकांचे म्हणणे खरे ठरते. पण मग सगळ्यांना सांगितले गेले, की त्या माणसाने जे केले ते करून दाखवाल तर बक्षीस मिळेल. आणि तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. शिक्षा पाहिलेल्यांनीही सारे शिकून ठेवलेलेच होते. योग्य प्रसंगाची वाट होती.

मानोऱ्याच्या त्या मंडपात बक्षीस माझ्या हातून दिले गेले होते.

व्यसनाचे वाटोळे दाखवूनही धडा कसा बसवता येतो, ते पाहायचे तर मराठीत एक शतकापूर्वीचे नाटक आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. आजच्या मुलांना त्याची भाषा जड वाटेल आणि मलाही काही जागा खटकतात. सिंधूची अमर्याद सोशिकता हा नाटकाचा मोठा गुण मानला गेला, पण नवऱ्याच्या व्यसनापायी दळण दळणारी आणि तरी त्याला देव मानणारी बायको हा आदर्श दारूइतकाच घातक आहे, असे माझे मत आहे. तळीरामाची आणि त्याच्या आर्यमदिरा मंडळाची विनोदी दृश्येही अशी रंगली, की नाटक विसरलेल्यांना तळीराम आठवतो. गडकऱ्यांसारख्यालाही हे टाळता आले नाही.

पण एक गोष्ट त्यांनी केली, ती आपल्या चित्रपटांना अजून फारशी जमलेली नाही. त्यांनी काळ दाखवला. हुशार वकील सुधाकर अपमानाच्या एका दिवशी पहिला प्याला घेतो. मग सनद, पैसा, स्नेही, घर, मूल, बायको हे सारे एकेक करून, अंकामागून अंक जाते. प्रेक्षकाला ते सोबत बसून पाहावे लागते. चित्रपटात पहिला घोट असतो आणि शेवटचा श्वास असतो, मधली वर्षे एका गाण्यात उरकतात. २०१९ च्या 'कबीर सिंग'मध्ये शल्यविशारद नायक दारूच्या अमलाखाली शस्त्रक्रिया करतो. त्याचा परवाना जातो खरा, पण शेवटी नायिका, मूल आणि आनंद, सारे मिळते. त्या टेबलावरचा रुग्ण कोण होता, त्याचे नातेवाईक बाहेर बाकावर कसे बसले असतील, हे कॅमेऱ्याला पाहावेसे वाटले नाही. चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. मी नववीच्या एका वर्गात विचारले, कोणी पाहिला आहे? बरेच हात वर आले. मोबाइलवर.

म्हणूनच प्रमाणपत्रांवर माझा फार भरवसा नाही. चित्रपट परिनिरीक्षणाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत मद्यपानाचे समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्ये नसावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ती सूचना आणि गेल्या तीस वर्षांतले चित्रपट शेजारी शेजारी ठेवले, तर आणखी काही बोलण्याची गरज नाही. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयाच्या नव्या पायऱ्या केल्या. पाऊल चांगले आहे, पण ते थिएटरच्या दाराशी पहारा देणारे. मोबाइलला दार कुठे असते? तंबाखूच्या बाबतीत २०१२ पासून चित्रपटाच्या आरंभी आणि मध्यंतरानंतर चित्रफीत दाखवावी लागते आणि दृश्य चालू असताना खाली इशारा द्यावा लागतो. दारूच्या दृश्याखालीही कोपऱ्यात बारीक अक्षरात ओळ येते. तिच्याकडे मुले कसे पाहतात? ती ओळ दिसली, की आता मजा येणार, असे एका मुलानेच मला सांगितले.

वाशीमच्या आजूबाजूला पाहिले, तर दारूविषयीचा दुसरा एक चित्रपट गेली कित्येक वर्षे चालूच आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली ती आली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. यवतमाळात बायका बंदीसाठी रस्त्यावर आल्या. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला, तर दुकान बंद करता येते. त्या मतदानाची दोन चिन्हे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. हातात मतपत्रिका घेऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर दारूचे जे चित्र असते, ते हिंदी-मराठी पडद्यावर किती वेळा आले आहे? बंदीने प्रश्न सुटतो की नाही यावर मतभेद आहेत, आणि त्या वादात शिरण्याची ही जागा नाही. पण गोष्ट सांगायला कोणाला माणसे कमी पडत असतील, तर ती इथे आहेत.

शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. नक्कल बंद करा, सिनेमा पाहू नका, असे फर्मान काढू नये. ते कोणी पाळत नाही. वर्गात मुलांनाच एखादा प्रसंग निवडू द्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. किती प्याला? किती वेळात? आता रक्तात किती असेल? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय झाले असेल, जे दाखवले नाही? पहिल्या तिन्हींना वही-पेन्सिल लागते, चौथ्याला काहीच लागत नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कोणाच्या घरी कोण पितो हे कधी विचारू नये, आणि कोणी सांगू लागले तर वर्गासमोर नव्हे, नंतर, बाजूला, शांतपणे ऐकावे.

गेल्या हिवाळ्यात त्याच शाळेत मी हे गणित घेतले. वीरू झालेला मुलगा आता मोठ्या वर्गात, पहिल्या बाकावर होता. त्याने टाकीवरच्या बाटलीचा हिशेब वर्गात सर्वांत आधी केला आणि विचारले, "सर, मग तो टाकीवरून उतरला कसा?" वर्ग हसला. मी म्हणालो, ते पटकथा लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मग क्वार्टरचे उदाहरण झाले. १३८ भागिले १५, नऊ तास आणि वर थोडे. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, रात्री नऊला घेतली आणि पहाटे पाचला परत घेतली तर?"

मी खडू हातात घेतला, पण तिने वहीत आधीच मांडले होते. "अठरा उरतात," ती म्हणाली. "त्यात नवीन १३८ मिळवायचे."